ओळखीचे दोन जण

आपल्याकडं ओळख विचारल्याशिवाय काहीच होत नाही. सोयरीक असो, भाड्याची खोली असो की मेसची उधारी, पहिला प्रश्न ठरलेला, "कोण्या गावचे? कोणाचे?" परभणी जिल्ह्यातल्या माणसाला तर एसटीत शेजारी बसलेल्याचा एखादा पाव्हणा मानवत येईपर्यंत ओळखीचा निघतोच! त्यामुळं नोकरीच्या फॉर्मवर 'रेफरन्स : दोन व्यक्तींची नावे, हुद्दा व फोन नंबर' असा रकाना दिसला, तर आपल्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही.

कॉलेजातून थेट कायम नोकरीत जाणाऱ्याला या रकान्याचा त्रास नाही. तो एका सरांचं नाव टाकतो, एचओडींचं टाकतो आणि मोकळा होतो. त्रास होतो तो ठेक्यावर काम करणाऱ्याला. आणि मित्रांनो, आपल्यातले बरेच जण पहिली दोन-चार वर्षं ठेक्यावरच काढणार आहेत, हे आपल्या सीनियर्सकडं पाहून कळतंच. मी स्वतः डिप्लोमा झाल्यावर चौदा महिने जिंतूर तालुक्यात रस्त्याच्या कामावर एका ठेकेदाराकडं सुपरवायझर होतो. मग डायरेक्ट सेकंड इयरला इथं आलो. म्हणून हा विषय.

ठेक्यावरच्या माणसाची अडचण साधी आहे. त्याच्या कामाची खात्री देऊ शकेल असा माणूस बहुतेक वेळा एकच असतो, आणि तो म्हणजे त्याचा आत्ताचा ठेकेदार. त्याच्याच हातात पुढच्या महिन्याचा पगारही असतो. अशा माणसाला "तुमचा पोरगा आमच्याकडं येतोय, कसा आहे?" असं विचारलं, की उत्तर काहीही मिळो, पोराची बातमी फुटलेली असते.

माझ्या चुलतभावाचं हेच झालं. दादा मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, एका कारखान्यात मेन्टेनन्सला ठेक्यावर. दर सहा महिन्यांनी ऑर्डर वाढवून मिळायची. एका नोकरभरती एजन्सीचा फोन आला. "तुमचं जवळपास फायनल आहे, फक्त दोन रेफरन्स पाठवा." दादानं जुन्या ठिकाणच्या दोघांची नावं दिली आणि आत्ताच्या ठिकाणी फोन करू नका, असं बजावून सांगितलं. तरीही एजन्सीनं बायोडाटातलं नाव पाहून आत्ताच्या ठेकेदाराला फोन लावला. दुसऱ्या दिवशी गेटवरच ठेकेदारानं विचारलं, "काय, चाललास म्हणं?" महिनाअखेर ऑर्डर वाढली नाही. आणि ती फायनल असलेली नोकरी? "सध्या होल्डवर आहे" एवढंच उत्तर. दादा चार महिने घरी बसला. वहिनींनी शिलाई मशीनवर घर रेटलं. नंतर कळलं, की त्याच एजन्सीनं ठेकेदाराला पुन्हा फोन करून विचारलं होतं, "तुम्हाला माणसं लागतात का? आम्ही पुरवतो." म्हणजे रेफरन्सच्या नावाखाली त्यांना गिऱ्हाईक मिळालं, आणि दादाचं होतं तेही गेलं.

आता कुणी म्हणेल, चौकशी करायचीच नाही का? करावी की! गंगाखेड, सोनपेठकडं दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या ठरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम कोयत्याला उचल देण्याआधी गावात चौकशी करतोच. गेल्या साली कोणाच्या टोळीत होता, उचल फेडली का, खाडे किती केले. पण तो चौकशी करतो तेव्हा त्याचे पैसे पणाला लागलेले असतात. ही उचल मजुराच्या पायातली बेडी होते, ते दुःख मोठं आहे आणि मला तिचं कौतुक करायचं नाही. सांगायचं एवढंच, की मुकादम रिकाम्या हातानं चौकशी करत नाही. एजन्सी मात्र ऑफर नाही, पगाराचा आकडा नाही, आणि आपल्याकडून आधी दोन माणसं मागते.

सिव्हिलवाल्यांना टेंडरचं उदाहरण लवकर पटेल. सरकारी टेंडरला ठेकेदाराकडून बयाणा रक्कम घेतात, ज्याला आपण ईएमडी म्हणतो. काम मिळालं नाही तर ती परत मिळते. त्याचा आधीचा अनुभव पाहायचा तर कार्यकारी अभियंत्याच्या सहीचं काम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र पाहतात. म्हणजे कोट्यवधींचं काम देताना कागद चालतो आणि वीस हजारांची नोकरी देताना माणसं लागतात! शिवाय बयाणा परत मिळतो, पण एकदा वापरलेला रेफरन्स परत मिळत नाही. एकाच साहेबाला दहा ठिकाणांहून फोन गेले, तर अकराव्या वेळी साहेब फोन उचलेल का?

खरं तर क्रम उलटा हवा. आधी लेखी ऑफर, तिच्यात 'रेफरन्स तपासणीच्या अधीन राहून' अशी अट, आणि मग फोन. ब्रिटनमध्ये अशी अट घातलेली ऑफर ही नेहमीची गोष्ट आहे. आत्ताच्या मालकाला उमेदवाराच्या परवानगीशिवाय विचारू नये, असा सल्ला तिथली 'एकास' ही संस्था मालकांना देते.

यंदा मलाही दोन फोन आले. दोन्ही नोकऱ्या ठेक्यावरच्या. दोन्हीकडं मी एकच सांगितलं, "मॅडम, ऑफर लेखी येऊ द्या, त्यात तपासणीची अट टाका. त्याच दिवशी दोन्ही नंबर देतो." पहिल्या ठिकाणाहून पुन्हा फोन आला नाही. आठ दिवस जीव खालीवर होत होता. रूममेट म्हणाला, "दिली असती दोन नावं तर काय बिघडलं असतं?" वडिलांचा फोन आला की मी विषय बदलायचो. दुसऱ्या ठिकाणच्या मॅडम "सरांना विचारते" म्हणाल्या, आणि बाराव्या दिवशी अटीसह ऑफर आली. मग मी आमच्या साइटवरच्या जुन्या मुकादमाला आधी फोन केला. ते म्हणाले, "दे की माझं नाव. पण फोन कवा येणार ते सांग, रानात रेंज नसती." नाव देण्याआधी त्या माणसाला विचारावं ते यासाठीही!

माणसांवरचा भार कमी करायचा तर कागद जमवा. कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा कायदा होता. त्याखालच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत, काम सुटल्यावर ठेकेदारानं सेवा प्रमाणपत्र द्यावं, अशी तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० नं घेतली. तीही सांगते, की कंत्राटी कामगारानं मागितलं तर ठेकेदारानं अनुभव प्रमाणपत्र द्यावं. हुद्दा सुपरवायझरचा आणि पगार ठरावीक मर्यादेच्या वर असला, तर आपण कायद्यातल्या 'कामगार' या शब्दात बसत नाही. पण मागायला कोणाची बंदी आहे? काम चालू आहे, ठेकेदाराचा मूड बरा आहे, तेव्हाच लेटरहेडवर तारखांसह घेऊन ठेवावं. दुसरा कागद पीएफचा. २०१४ पासून बारा अंकी यूएएन आहे. ठेकेदार पीएफ भरत असेल, तर कोणत्या महिन्यात कोणाकडं होतो हे पासबुकच सांगतं, कोणाला फोन करावा लागत नाही.

आपल्या प्लेसमेंट सेललाही एक विनंती. बाहेरून येणाऱ्या एजन्सींना फॉर्म देतानाच सांगावं, की ऑफरआधी रेफरन्स मागू नयेत आणि आत्ताच्या मालकाला परस्पर फोन करू नये. पोरगं एकटं हे बोललं तर आगाऊ ठरतं, कॉलेज बोललं तर तो नियम होतो.

ओळख ही आपल्याकडं पिढ्यान्पिढ्या जमा होणारी पुंजी आहे. आपल्या बापानं कोणाच्या बांधाला बांध लावून नीट शेती केली, आपण साइटवर कोणाच्या उन्हातान्हात उभे राहिलो, त्यातून ती जमते. ती जपून, आणि समोरचाही काही टाकतोय हे पाहूनच खर्च करावी.

— अंतिम वर्ष, स्थापत्य