लर्विकची शिल्लक

स्कॉटलंडच्या उत्तरेस, साठाव्या अक्षांशाच्या आसपास, शेटलंड हा द्वीपसमूह आहे. लर्विक हे त्याचे मुख्य शहर आणि बंदर. समोरचे ब्रेसे बेट खुल्या समुद्राचा मारा अडवते. निसर्गाने या गावाला दिलेले मुद्दल एवढेच. व्यापार मात्र माणसांनी उभारला.

सतराव्या शतकात डच मच्छीमारांचे ताफे हेरिंग मासळीसाठी येथे येत. बेटावरील लोक त्यांना हाताने विणलेले लोकरी मोजे विकत. या देवघेवीतूनच गाव वसले. जुन्या व्यापाऱ्यांची घरे आजही पाण्याला लागून उभी आहेत. त्यांना ‘लॉडबेरी’ म्हणतात. घर, वखार आणि धक्का एकाच आवारात. माल होडीतून उतरला की थेट वखारीत.

१९०५ च्या सुमारास हेरिंगची तेजी शिखरावर होती. खारवलेल्या मासळीची पिंपे जर्मनी आणि रशियाकडे जात. हा धंदा या पानांच्या वाचकांच्या आचारात बसणारा नव्हे. पण त्याचा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला समजेल असा आहे. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, या बाजारपेठा तुटल्या आणि ते जुने वैभव पुन्हा परतले नाही. एकच माल आणि मोजकी गिऱ्हाइके यांवर विसंबलेल्या पेढीचे जे होते, तेच येथे झाले.

पुढे १९७१ मध्ये शेटलंडच्या ईशान्येस समुद्रतळाखाली ब्रेंट तेलक्षेत्र सापडले. लर्विक तेलमंचांना लागणारे साहित्य पुरविणारा तळ बनले. आज त्यांतील अनेक मंच जुने झाले आहेत. ते मोडून त्यांचे पोलाद पुनर्वापरासाठी वेगळे काढण्याचे कामही याच बंदरात चालते. जोडीला ॲबर्डीनला रात्रभराच्या प्रवासाने जाणारी प्रवासी बोट, उन्हाळ्यातील पर्यटक जहाजे आणि मासळीबाजार आहेतच. एक सेवा मंदावली, तरी धक्का सहसा ओस पडत नाही.

या स्थैर्यामागे एक जुनी व्यवस्थाही आहे. १८७७ मध्ये बंदराचा कारभार विश्वस्त मंडळाकडे सोपविण्यात आला. बंदराला भागधारक नाहीत, म्हणून लाभांशही नाही. खर्च वजा जाता उरलेली शिल्लक पुन्हा बंदरातच गुंतते: कधी धक्का लांबविण्यात, कधी तळ खोल करण्यात. त्यामुळे मोठी जहाजे आणि नवी कामे घेण्याची सोय होते.

दिवाळीला वहीपूजन झाले की घराघरांत हाच प्रश्न निघतो: यंदाच्या नफ्यातून वाटणी किती करावी आणि पेढीत किती ठेवावे? भावाभावांत वितुष्ट येते ते बहुधा येथेच, आणि तेही तेजीच्या वर्षी. शिल्लक कोणाची, हे लर्विकने तेजी येण्याआधीच ठरवून ठेवले होते. घरच्या पेढीतही हा नियम बरकतीच्या आधी ठरलेला बरा.