आजीला जर्मन येत नाही

श्टुटगार्टला आलो तेव्हा लेक सव्वातीन वर्षांची होती आणि दिवसभर मराठीत बडबडायची. किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, रुळली आणि पहिल्याच हिवाळ्यात घरी उत्तरं जर्मनमध्ये यायला लागली. कळायचं सगळं. 'मोजे काढ' म्हटलं की काढायची, पण तोंडून मराठी निघेना. किटातल्या बाई निर्धास्त होत्या. जर्मन आम्ही बघतो, घरी तुमचीच भाषा बोला, असं त्यांनी बजावलं होतं. आम्ही दोघं मराठीच बोलत होतो, तरी फरक पडेना. आई-बाबांना जर्मन कळतं हे तिनं केव्हाच ओळखलं होतं!

सांगलीच्या आजीला मात्र ते कळत नाही. दुपारी चारला किटातून आलो की तिला व्हिडिओ कॉल लावतो. उन्हाळ्यात तेव्हा तिकडे साडेसात झालेले असतात, आजी ओट्याशी असते. ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं मागे जातात आणि तिकडे साडेआठ वाजतात. ती आजीची जेवायची वेळ. वर्षानुवर्षं ठरल्या वेळी जेवणाऱ्या माझ्या आईनं नातीसाठी जेवण पुढं ढकललं.

डब्याला फोन टेकवून आजी थालीपिठाचं पीठ मळायला घेते. "आता काय घालू गं?" इकडून हुकूम सुटतो, "कांदा घाल. तिखट नको." एकदा लेक म्हणाली, "आजी, मी खेळणी आउफरॉयमेन केली." हातातलं खेळणं टोपलीत टाकताना आजीनं तिला पाहिलं होतं. "आवरलीस होय? सगळी?" "हो, सगळी आवरली." दुरुस्ती एवढीच. टोकलं की मूल गप्प होतं, हे मी इथल्या कितीतरी मराठी घरांत पाहिलंय. 'केळं'चं 'केलं' व्हायला लागलं तेव्हा आजीनं तोंड कॅमेऱ्याजवळ आणून जीभ कशी वळवायची ते दाखवलं आणि दोघी नुसत्या ळळळ करत बसल्या.

इथल्या मराठी मंडळाच्या वर्गात अक्षरओळख छान होते, पण मधल्या सुट्टीत पोरं आपापसांत जर्मनच बोलतात. रात्री 'किशोर' मासिक वाचतो, १९७१ पासूनचे अंक त्याच्या संकेतस्थळावर मोफत आहेत.

दिवाळीत सांगलीला गेलो, तेव्हा गल्लीत लपाछपीवरून ती कडाकडा भांडली. "तू डोळे उघडलेस, मी बघितलं!" लिंगं अधूनमधून चुकत होती, पण मुद्दा सोडला नाही. मला फार आनंद झाला.

सप्टेंबरात ती पहिलीत जाईल. आजीनं आत्ताच विचारून ठेवलंय, शाळा किती वाजता सुटणार.