वहीतला क्रम

इचलकरंजीत तीस वर्षं मी रंगमास्तर आहे. सुती कापडावर गडद काळा चढवायचा तर रिअॅक्टिव्ह रंगासोबत मीठ ढिगानं लागतं. मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं, मग सोडा अॅश तो पक्का बसवतो. हे मीठ शेवटी सांडपाण्यात उतरतं, आणि आमच्या पंचगंगेनं आधीच पुष्कळ सोसलंय. म्हणून दोन वर्षं जिगर या रंगाईच्या यंत्रावर राबून मी मीठ निम्म्यावर आणलं. सारं मर्म सोड्याच्या हप्त्यांत होतं: कधी, किती, कुठल्या तापमानाला.

पुढे कळलं, एका कंपनीनं हीच पद्धत पेटंटसाठी दाखल केलीय. झोप उडाली.

वकीलबाईंनी आधी कागद मागितले. अमेरिकेत मार्च २०१३ पर्यंत शोध आधी कुणी लावला हे बघत; आपल्याकडे अर्जाची तारीख बघतात. त्यांनी १८६९ ची गोष्ट सांगितली. कृत्रिम अॅलिझरिनचा, म्हणजे मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांत असतो त्या लाल रंगाचा, अर्ज लंडनमध्ये तीन जर्मनांच्या नावे २५ जूनला पडला आणि इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनचा २६ जूनला. एका दिवसानं! ऐकून पोटात गोळा आला.

पण अर्जाआधी ती पद्धत भारतात लोकांना माहीत होती किंवा उघडपणे वापरात होती हे दाखवलं, तर पेटंटला विरोध करता येतो.

मी लॉटची वही काढली. टाचलेले कापडाचे तुकडे, तारखा, ग्रॅमचे आकडे सगळं होतं. क्रम मात्र नव्हता. तो कुणी उचलू नये म्हणून मी डोक्यातच ठेवला होता. बाई म्हणाल्या, "मास्तर, चार भिंतींतलं गुपित उघड वापर म्हणून कसं उभं करू?" त्या रात्री मी स्वतःवर फार चिडलो.

मग आठवलं. एका रविवारी रंगकामाच्या वर्गात मुलांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा मी अख्खा क्रम फळ्यावर लिहिला होता. मालक त्यावरून महिनाभर बोलले नव्हते.

फोन फिरवले. चौघांनी वह्या टाकून दिल्या होत्या. पाचवा आता सुरतेत मास्तर आहे. तो रात्रीच्या गाडीनं वही घेऊन आला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. पानाच्या डोक्यावर तारीख होती, अर्जाच्या चौदा महिने आधीची. खाली तिन्ही हप्ते, तापमानासकट. कोपऱ्यात त्यानं लिहिलं होतं: दुसऱ्या हप्त्याला घाई नको, मास्तर दोनदा म्हणाले.