भात आल्यावरची दिवाळी

नव्या वर्षाचं कॅलेंडर घरात आलं की दादा, म्हणजे आमचे वडील, आधी एकच गोष्ट पाहायचे: यंदा धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक मास, आहे का? असला की त्यांचा चेहरा खुलायचा. "औंदा दिवाळी लांबली. बरं झालं, भात हाती लागंल."

आमचा इगतपुरी तालुका भाताचा. आषाढात आवणी होते. हळवं भात दसऱ्याच्या आगेमागे कापणीला येतं, गरवं दिवाळी उलटल्यावर. 1987 मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी वाणाला साधारण साडेचार महिने लागतात. दिवाळी नोव्हेंबरात आली तर झोडणी होऊन भात घोटीच्या गिरणीवर गेलेलं असतं आणि हातात रोकड खुळखुळते. ऑक्टोबरच्या मध्यावर आली तर पीक शेतात उभं, वर परतीच्या पावसाची धास्ती, आणि पोरांना कपडे तर हवेतच.

अशा वर्षी दिवाळीआधीच्या शनिवारी, बाजारच्या दिवशी, दादा आम्हाला घेऊन ओळखीच्या कापडाच्या दुकानात शिरायचे. शेठ ठाण सोडून पाटावर उलगडायचे, मीटरपट्टीने मोजायचे, कात्रीने कडेला जरा चीर देऊन टर्रकन कापड फाडायचे. त्या आवाजाने अंगावर काटा यायचा, कारण फाडलेलं कापड परत ठाणात जात नाही. आता ते आमचंच. आम्हा भावांचे शर्ट एकाच ठाणातले. मग दादा हलक्या आवाजात म्हणायचे, "शेठ, भात आल्यावर देतो." शेठ लाल कापडी बांधणीची चोपडी ओढायचे आणि लिहायचे. व्याजाचा शब्द निघायचा नाही. भावात मात्र तो धरलेला असायचा, हे आईला ठाऊक होतं. ती वाटेत एवढंच म्हणायची, "रोखीनं घेतलं असतं तर पोरीच्या परकराचं निघालं असतं."

लक्ष्मीपूजनाला शेठ नव्या चोपडीची पूजा करत. जुन्या पानावरची आमची बाकी नव्या पानावर जायची. भात विकलं की दादा आधी ती बाकी फेडायचे, मगच घरासाठी गूळ-तेल घ्यायचे.

सणाची तारीख आणि खरेदीची सोय यांची ओढाताण फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत 1939 साली थँक्सगिव्हिंग महिनाअखेर, 30 नोव्हेंबरला येत होता. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील म्हणून व्यापाऱ्यांनी गळ घातली आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे, 23 तारखेला आणला. काही राज्यांनी नवी तारीख पाळली, काहींनी जुनी. अखेर 1941 मध्ये नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला. तिथे दुकानदारांसाठी सण हलला. आमच्या खाचरातल्या भातासाठी दिवाळी कोण हलवणार? तिला लांबवणारा एकच, धोंड्याचा महिना.

आता तर खरेदी सणाची वाटच पाहत नाही. 2006 च्या प्रजासत्ताक दिनी बिग बझारने स्वस्ताईचा दिवस जाहीर केला, 6 ऑक्टोबर 2014 ला फ्लिपकार्टचा पहिला 'बिग बिलियन डे' झाला, आणि पुढे हे सेल दिवाळीच्या कितीतरी आधी सरकले. 2025 चे मोठे ऑनलाइन सेल 23 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाले. तेव्हा आमच्याकडे गरवं भात अजून पोटरीत असतं. त्या दिवसांत माझे पुतणे मोबाइलवर बूट पाहतात आणि हप्त्यांवर मागवतात. भाव खरोखर कमी असतो, घरपोच येतं, याचा मला आनंद आहे. आईला जे कधी जमलं नाही ते त्यांना जमतं. पण हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून कापला जातो. पाऊस लांबला, भात आडवं झालं, हे त्याला सांगता येत नाही. शेठला सांगता यायचं. भावात थोडं जास्त घेऊनही तो माणूस पिकाच्या पंचांगाने चालायचा, आणि म्हणूनच आमच्यासारख्यांच्या घरी दिवाळीला नवं कापड आलं.

घोटीच्या बाजारात आजही शनिवारी गर्दी होते. डोंगराकडच्या पाड्यांवरून ठाकर, महादेव कोळी बायका पहाटेच निघतात. दिवाळीआधीच्या शनिवारी पणत्या, रांगोळी, उटणं, मोती साबण, पोरांचे तयार कपडे असं सगळं रस्त्याच्या कडेला मांडलेलं असतं. विकणाऱ्यांचा वर्षाचा मोठा गल्ला याच दिवसाचा, आणि तो किती भरेल हे आजही खळ्यावर ठरतं.

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, आदल्या दिवशी शनिवार. मुंबई-नाशिक वाटेने जाणाऱ्यांनी त्या दिवशी तासभर घोटीत उतरावं. पणत्या इथेच घ्याव्यात, आणि तांदूळ घ्यायचा तर शेतकऱ्याकडून, रोखीने घ्यावा.