आधी हेल्मेट, मग गाडी

पुण्यात नवी गाडी घ्यायची म्हटलं की घरात महिनाभर तोच विषय. अ‍ॅव्हरेज किती देते, रंग कोणता, हप्ता किती बसेल, दसऱ्याला घ्यायची की पाडव्याला. हेल्मेटवर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. गाडीबरोबर मिळतं ना एक, मग झालं! मिळतं हे खरं आहे. दुचाकी विकताना प्रमाणित हेल्मेट द्यायचं, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे. पण शोरूममधून जे हातात पडतं ते बहुधा मधल्या मापाचं असतं आणि तुमचं डोकं कोणी मोजलेलं नसतं. म्हणून माझी जुनी गाडी काढायची वेळ आली तेव्हा मी क्रमच उलटा केला. आधी हेल्मेट घेतलं आणि ते हातात घेऊनच गाड्या बघत फिरले.

त्याला कारण होतं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची गाडी वळवाच्या पहिल्या सरीत म्हात्रे पुलाजवळ घसरली. वेग फारसा नव्हता. हेल्मेट होतं, पट्टाही लावलेला होता. पण ते इतकं सैल होतं की पडतानाच डोक्यातून निसटलं आणि गडगडत पुढे गेलं. कपाळाला टाके पडले आणि पुढे कितीतरी दिवस तिला उठता-बसता भोवळ यायची. हेल्मेट घालूनही माणूस उघड्या डोक्यानं पडू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांच्या ओळीत हेल्मेटचीही दुकानं आहेत. तिथे जाण्याआधी घरीच शिवणाच्या टेपनं डोकं मोजलं. भुवयांच्या बोटभर वरून टेप न्यायची आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग असतो तिथून फिरवून आणायची. माझं माप आलं ५६ सेंटिमीटर. हेल्मेटवर ते ५६० असं मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. दुकानदारानं ५८० पुढे केलं. "मॅडम, थोडं सैल बरं, घालायला-काढायला सोपं जातं." मी ५६० मागून घेतलं. घातल्यावर गाल चेपल्यासारखे वाटले, आणि ते तसंच वाटायला हवं, कारण गालाच्या गाद्या काही दिवसांत दबतात. हेल्मेट धरून डावी-उजवीकडे हलवलं तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. पट्टा लावून मागची कड वर ढकलली तर ते पुढून निघता कामा नये. एवढं झाल्यावर मी स्टुलावर चांगला वेळ तसंच बसून राहिले. कपाळावर एखाद्याच जागी दाब येत असेल तर तो लगेच कळत नाही, पाऊण तासाच्या रस्त्यावर ठणकायला लागतो.

आतला थर्माकोल बघावा. बाहेरचं कवच धक्का पसरवतं, पण तो पोटात घेतो तो हा थर्माकोल, स्वतः चिरडून. एकदा दबलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसलं तरी बाद समजायचं. फुटपाथवर टांगलेल्या कित्येक टोप्यांत नुसता स्पंज असतो. त्यांच्यावरही आयएसआयचा स्टिकर चिकटवलेला असतो, आणि याचा मला मनापासून राग आहे. १ जून २०२१ पासून प्रमाणित नसलेलं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. खऱ्या खुणेवर आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली उत्पादकाचा परवाना क्रमांक. मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. मी दुकानातच ते करून पाहिलं. दुकानदार रागावला नाही, उलट मुलाला बोलावून त्यालाही दाखवायला सांगितलं.

बायकांच्या काही अडचणी हेल्मेटच्या खोक्यावर छापलेल्या नसतात. पुण्यात आम्ही तोंडाला स्कार्फ गुंडाळून निघतो. त्याची गाठ मानेवर आली की हेल्मेट मागून उचललं जातं आणि दोन-तीन पदर झाले की आत घसरतं. मी आता पातळ सुती स्कार्फ एकपदरी घेते आणि टोकं पुढे कुर्त्यात खोचते. क्लचर आणि आंबाडा तर हेल्मेटखाली चालतच नाहीत. केस मानेशी बांधायचे.

मग गाडी. माझा रस्ता धायरीपासून शिवाजीनगरपर्यंतचा. सिंहगड रस्त्यावर तेव्हा उड्डाणपुलाचं काम चाललेलं, पत्र्यांच्या कडेनं उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून सगळी वाहतूक. अशा रस्त्यावर गाडी पळते किती यापेक्षा थांबते कशी आणि आपले पाय टेकतात का, हेच महत्त्वाचं. माझी उंची जेमतेम पाच फूट. सीट जमिनीपासून किती मिलिमीटर हे माहितीपत्रकात असतं, पण सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढ्याच उंचीच्या गाडीवर पाय अधांतरी राहतात. म्हणून मी रोजच्या ऑफिसच्या चपला घालूनच टेस्ट राइडला गेले. शोरूमवाले मोठ्या गुळगुळीत रस्त्यावरून एक चक्कर मारायला सांगतात. मी मागच्या गतिरोधकांच्या गल्लीतून नेली. चाक लहान तितकं ते खड्ड्यात खोल उतरतं. दहा इंची आणि बारा इंची चाकातला फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण मनगटांना पहिल्याच खड्ड्यात कळतो.

प्रत्येक शोरूममध्ये सीट उघडायला लावून माझं हेल्मेट आत ठेवून पाहिलं. डिकी किती लिटरची यावरून काही कळत नाही, आकार कसा यावर सगळं असतं. दोन गाड्यांत ते ठेवल्यावर सीटच लागेना. हे काम मी क्षुल्लक मानत नाही. हेल्मेट ठेवायला जागा नसली की ते आरशाला लटकतं, उन्हातान्हात आणि पावसात राहतं, कधी चोरीला जातं. मग "इथे कोपऱ्यावरच तर जायचंय" म्हणून ते घरीच राहायला लागतं.

वडगावच्या गॅरेजवाल्या काकांना विचारलं तेव्हा त्यांनी कंपनीचं नावच घेतलं नाही. म्हणाले, "ताई, कुठलीही घ्या, पार्ट नाना पेठेत चार दुकानांत मिळतो का तेवढं बघा. आणि बॅटरीकडे लक्ष ठेवा." एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या, बहुतेक स्कूटरचा कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. बॅटरी पार उतरली तर यातल्या बऱ्याच गाड्या किक मारूनही चालू होत नाहीत. बाबांची चेतक आडवी कलती करून, दोन किका मारून सुरू व्हायची. ते दिवस संपले. विजेच्या गाडीचा विचार मी मनापासून केला होता. पण आमच्या सोसायटीत पार्किंगला चार्जिंगची सोय नाही आणि तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडणं धोक्याचं. ती सोय झाली तर पुढची गाडी विजेचीच.

ब्रेकबद्दल थोडंच सांगते. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना जोडब्रेक सक्तीचा झाला. डावा दाबला की पुढचं चाकही थोडं धरतं. चांगली गोष्ट आहे, पण ओल्या रस्त्यावर दोन्ही हातांनी, हळूहळू दाबायची सवय सोडू नये.

शेवटी ज्युपिटर ११० घेतली. दोन्ही चाकं बारा इंची आणि पेट्रोलची टाकी फुटबोर्डाखाली, त्यामुळे सीटखाली जागा भरपूर. ही जागा मला दोन हेल्मेटसाठी हवी होती, कारण मंडईत आणि दवाखान्यात आई माझ्यामागे बसून येते. मागे बसणाऱ्यालाही कायद्यानं हेल्मेट लागतंच. आईला ते पटत नव्हतं. मी तिला कायदा सांगितला नाही. मैत्रिणीच्या पडण्याची गोष्ट सांगितली आणि नाना पेठेत घेऊन गेले. आंबाड्यामुळे एकही हेल्मेट बसेना. दुकानातच आरशासमोर उभं राहून तिनं तो सोडला, खाली सैल वेणी घातली आणि ५४० मापाचं नीट बसलं.

गाडीबरोबर मिळालेलं हेल्मेट ५८० निघालं. ते आम्हा दोघींच्या कामाचं नव्हतं. भाचा कॉलेजला गाडी नेतो, त्याचं डोकं मोजलं, अठ्ठावन्न भरलं, आणि ते त्याला दिलं.