वीस वर्षे थांबण्याची ताकद



मागच्या महिन्यात मंचरच्या एसटी स्टँडजवळ चहा पिताना आपल्याच वस्तीतल्या इंजिनिअरिंगच्या एका पोराने विचारले, "दादा, ॲप तयार आहे. सहा महिन्यांत फंडिंग मिळेल ना?" मला हसू आले नाही. सात वर्षांपूर्वी मीही हेच विचारत होतो.

आम्ही तिघे होतो. दोघे आंबेगावचे, एक जुन्नरचा. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातल्या आडत्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवले. चार गाळ्यांवर ते वापरातही आले. चौदाव्या महिन्यात एकाच्या वडिलांचे ऑपरेशन निघाले, दुसऱ्याच्या बहिणीचे लग्न ठरले आणि मी हिंजवडीत नोकरी धरली. लोक म्हणाले, "यांना धंदा जमत नाही." मी ते बरीच वर्षे खरे मानले.

पण या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांच्या तारखा पाहा. इन्फोसिस १९८१ मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झाली. सात भागीदार, सुधा मूर्तींनी दिलेले दहा हजार रुपये आणि सुरुवातीला स्वतःचा कॉम्प्युटरही नाही. शेअर बाजारात यायला १९९३ उजाडले. वर्षाची उलाढाल एक अब्ज डॉलरवर गेली २००४ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी. पुण्याचीच पर्सिस्टंट १९९० ची. ती २०१० मध्ये बाजारात आली आणि अब्ज डॉलरचा टप्पा तिने २०२२-२३ मध्ये ओलांडला. आपल्याला दिसते ती काचेची इमारत. मधली वीस-तीस वर्षे कुणी दाखवत नाही.

त्या वर्षांत कंपनी जगते कशावर? घरच्या पगारावर, ओळखीतून मिळालेल्या पहिल्या ग्राहकावर, "बुडालास तरी घर आहे" या भरवशावर. हुशारी लागतेच. पण हुशारीला थांबायला ओटा लागतो, आणि तो ओटा या देशात जातीप्रमाणे वाटला गेला आहे.

यावर कुणी म्हणेल, क्विक हीलचे कैलास काटकर तर दहावीपर्यंतच शिकलेले. बरोबर आहे. त्यांच्याकडून शिकायलाही हवे. आधी कॅल्क्युलेटर दुरुस्ती, मग कॉम्प्युटर दुरुस्ती. दुकानाच्या रोजच्या गल्ल्यावर भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस घडवला. कंपनी शेअर बाजारात आली २०१६ मध्ये. म्हणजे इथेही दोन दशके गेलीच. रोजचा गल्ला चालू ठेवून प्रॉडक्ट वाढवायचे, हा धडा आमच्या तिघांना कुणी दिला नव्हता.

मात्र गल्ला चालायला ग्राहक टिकावा लागतो. परदेशातून शिकून आल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले आणि तो बंद पडला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला धंदा जमत नव्हता, असे कोण म्हणेल?

मग उपाय काय? जुन्नरच्या लेण्यांत जाऊन पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख तिथे आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून संघाचा खर्च चालवण्याची सोय केली गेली. कारागिरांची संघटना बँकेचे काम करत होती! आपण त्या लेण्यांत वंदना घेतो, फोटो काढतो आणि भिंतीवरचा हिशेब न वाचता परत येतो.

आज आपल्या दोन तालुक्यांतली कितीतरी मुले पुण्यात पगारावर आहेत. त्यातल्या शंभर जणांनी महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकले, तर वर्षाला सहा लाख होतात. त्यात कंपनी उभी राहत नाही. पण दोन पोरांच्या घरचा किराणा आणि एखादे आजारपण निभावते. शिवाय आपल्या पतसंस्थांनी, बचत गटांनी, क्लासेसनी पहिले ग्राहक व्हावे. फुकट मागू नये, पैसे देऊन घ्यावे आणि चूक दिसली की सुनवावे.

त्या पोराला मी म्हणालो, "सहा महिन्यांचे विसर. तुला किती वर्षे थांबता येईल ते सांग." तो म्हणाला, "दादा, घरी विचारावं लागेल." हे उत्तर एकट्या त्याच्या घराने का द्यावे? पाचशे रुपयांची पहिली नोंद मी माझ्या नावाने केली आहे. उरलेल्या नव्व्याण्णव जणांची वाट पाहतो आहे.

जय भीम!