हौशे, नवशे, गवशे

जत्रेला माणसे तीन प्रकारची येतात, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत आली आहेत: हौशे, नवशे आणि गवशे. हौशा येतो तो चार घटका मौजेसाठी. पाळण्यात बसावे, खाजे घ्यावे, ओळखीच्या माणसांची विचारपूस करावी आणि दिवेलागणीला घरी परतावे, एवढीच त्याची अपेक्षा. नवशाचे तसे नसते. त्याने देवाला काही बोललेले असते आणि ते फेडल्यावाचून त्याचे पाऊल माघारी वळत नाही. गवशाला ना देव, ना पाळणा. गर्दीत कोणाचे काय गवसते इकडेच त्याचे लक्ष.

या तीन शब्दांची आम्हांला अलीकडे वारंवार आठवण होते, आणि तिचे कारण जत्रा नव्हे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात सध्या एक नवी शिवी ऐकू येते. तशी ती सभ्य आहे. कोणा पालकाने ती ऐकली तर तक्रार घेऊन यायचा नाही. "तू कॅज्युअल!" एवढेच एक मुलगा दुसऱ्याला म्हणतो, आणि ज्याला म्हटले त्याचा चेहरा उतरतो. म्हणणारा स्वतःला 'हार्डकोअर' म्हणवीत असतो. हे दोन्ही शब्द व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या जगातले.

आम्ही मराठी शिकवतो. नवा शब्द कानी पडला की त्याचा अर्थ विचारल्याखेरीज आम्हांला चैन पडत नाही. म्हणून नववीच्या वर्गात एके दिवशी व्याकरणाचे पुस्तक बाजूला ठेवून आम्ही हा प्रश्न मांडला. एकाने सांगितले, मोबाइलवर खेळतो तो कॅज्युअल, संगणकावर खेळतो तो हार्डकोअर. दुसऱ्याने तासांचा हिशेब मांडला. तिसऱ्याच्या मते फरक खेळात होता: रंगीत गोळ्या जुळवणारा तो कॅज्युअल, बंदूक चालवणारा तो हार्डकोअर. इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, माझी आजी मोबाइलवर कँडी क्रश खेळते. तिच्या हजाराच्या वर पायऱ्या झाल्या. मग ती कोण?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

साधन, तास आणि खेळाचा प्रकार या तिन्ही कसोट्या आमच्या मते एकाच खेळापुढे लटक्या पडतात. १९८४ साली मॉस्को येथे सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी टेट्रिस नावाचा खेळ रचला. त्यांच्या संगणकाला चित्रे काढता येत नसत. म्हणून त्यांनी कंसाची चिन्हे जोडून चौकोन उभे केले. चार चार चौकोनांचे सात आकार वरून खाली येतात, ते वळवून आणि सरकवून आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते, आणि न भरलेल्या ओळी साचत साचत वर पोचल्या की खेळ संपतो. नियम इतकेच.

आमच्या पिढीने या खेळाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखले नाही. आम्ही लहान असताना गोव्यातल्या जत्रेच्या आणि फेस्ताच्या फेरीत, खाज्याच्या दुकानाशेजारी, वीतभर लांबीचा प्लॅस्टिकचा एक डबा विकायला असे. त्याला सारे 'ब्रिक गेम' म्हणत. आत ९९९९ खेळ आहेत अशी वेष्टनावर ग्वाही असे. मोजायला बसले तर दहा-पंधरांच्या पुढे मजल जात नसे, बाकी सारे त्यांचेच वेग बदललेले अवतार. पण विटा रचण्याचा खेळ मात्र अस्सल होता. आमच्या घरी तो डबा ज्याच्या हाती लागे तो खेळे. आई भात शिजेपर्यंत, काका बसची वेळ होईपर्यंत, आणि आम्ही भावंडे भांडण होऊन पेन्सिल सेल काढून घेतले जाईपर्यंत. घरभर सगळे हौशे.

आता याच खेळाची दुसरी बाजू पाहा. घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी निन्टेंडो कंपनीने १९८९ साली टेट्रिस काढला. त्यात पुढच्या पायऱ्यांवर आकार अधिकाधिक वेगाने पडतात. एकोणतिसाव्या पायरीवर तो वेग असा होतो की वीस ओळींची उंची उतरायला आकाराला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. बटण दाबून धरले, तर आकार कडेला पोचण्याच्या आत खाली टेकलेला असतो. तेव्हा २९ ही माणसाची सीमा, असे वर्षानुवर्षे मानले गेले. २०११ साली थॉर ॲकरलंड या खेळाडूने बटण दाबून न धरता ते थरथरत्या बोटाने अतिवेगाने पुन्हा पुन्हा दाबले आणि तिसावी पायरी गाठली. त्यानंतर काही वर्षांनी आणखी एक युक्ती निघाली. एका हाताचे बोट बटणावर नुसते टेकवून ठेवावे आणि दुसऱ्या हाताची बोटे यंत्राच्या पाठीवर, तबलजी बोल वाजवतो तशी, एकामागून एक आपटावीत. म्हणजे बोटाने बटण दाबण्याऐवजी बटणच बोटावर येऊन आदळते! या युक्तीने सीमा पार मोडली. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या विलिस गिब्सन या तेरा वर्षांच्या मुलाने १५७व्या पायरीपर्यंत मजल मारली, आणि तेथे खेळ स्वतःच गोठून बंद पडला. डाव सुरू होऊन सुमारे ३८ मिनिटे झाली होती. खेळाला असे थकवणे माणसाच्या हातून पूर्वी कधी घडले नव्हते, आणि खेळ बाजारात येऊन तेव्हा ३४ वर्षे लोटली होती.

भात शिजेपर्यंत खेळणारी आमची आई आणि हा मुलगा, दोघांच्या पुढ्यात तेच सात आकार पडत होते. म्हणजे भेद खेळात नाही. तो हरल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत आहे, असे आम्हांला वाटते. विटा वरपर्यंत पोचल्या की आई "गेले!" म्हणून डबा फडताळावर ठेवी आणि पेज गाळायला उठे. तो पराभव तिच्या पदराला चिकटत नसे. दुसरा खेळाडू त्याच जागी बसून राहतो. कोणता आकार चुकीच्या जागी टेकला, तो तेथे का टेकला, त्याच्या आधीच्या तीन आकारांनी ती वेळ आणली का, हे तो शोधतो. आपल्या डावाचे चित्रण पुन्हा पाहतो, आपल्याहून सरस खेळाडूचे पाहतो, आणि सापडलेली एक चूक सुधारण्यासाठी तोच कंटाळवाणा भाग पन्नास वेळा घोटतो. यात मौज असते का? असते, पण ती बरीच उशिरा हाती येते. नवसाला आमच्या कोकणीत 'आंगवण' म्हणतात. हा शब्द उच्चारताच काहीतरी अंगावर घेतल्याचा भास होतो, आणि या मंडळींनीही खेळ तसाच अंगावर घेतलेला असतो.

आंगवणीला किंमत पडते, हेही खरे. टेट्रिसच्या या जुन्या आवृत्तीची जागतिक स्पर्धा २०१० पासून भरू लागली. जोनास नॉयबाउअर हा खेळाडू ती सात वेळा जिंकला. बटण दाबून धरण्याची जुनी रीत त्याच्या हातात मुरलेली होती. २०१८ च्या अंतिम सामन्यात जोसेफ सेली या सोळा वर्षांच्या मुलाने नव्या रीतीने खेळून त्याला हरवले. इतक्या वर्षांची साधना ज्या सवयीवर उभी राहिली ती सवयच आता अपुरी ठरली, हे जगासमोर कळणे सोपे नसावे. तरीही पुढल्या वर्षी नॉयबाउअर पुन्हा स्पर्धेत उतरला. २०२१ च्या जानेवारीत तो अकाली वारला.

मग हौशा कमी प्रतीचा काय? व्हरांड्यातल्या शिवीत हाच अर्थ भरलेला आहे आणि तो आम्हांला मुळीच मान्य नाही. जत्रेत नवस फेडायला आलेला मनुष्य पाळण्यात बसलेल्याला हसत नाही. त्याचे चित्त दुसरीकडे असते. जो हसतो त्याच्या नवसाविषयीच आम्हांला शंका येते. आणि त्या मुलीच्या आजीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. कँडी क्रश २०१२ साली निघाला. त्यात खेळणाऱ्याला पाच जीव मिळतात. डाव हरला की एक जीव जातो आणि तो परत यायला अर्धा तास लागतो. पाचही गेले की वाट पाहा, ओळखीच्या माणसाकडून मागून घ्या, नाही तर पैसे मोजा. म्हणजे येथे दुकानदार गोळ्या विकत नाही. तो माणसाची उतावीळ विकत घेतो. हे खेळ 'कॅज्युअल' म्हणून ओळखले जातात, पण पाखरू उडू नये यासाठी त्यांत जेवढे फासे लावलेले असतात तेवढे त्या जुन्या करड्या डब्यात कधीच नव्हते. आणि आजी काय करते? नात सांगते, पाच जीव संपले की आजी मोबाइल उशीखाली सारते आणि आदोळी ओढून नारळ खवायला बसते. पैसे द्यायचे असतात हे तिच्या गावीही नाही! अशा अट्टल हौशापुढे भल्या भल्या कंपन्यांनी हात टेकावेत.

गवशांविषयी थोडक्यात. खेळाच्या नावाखाली पैशांची पैज लावणारा आणि लावायला शिकवणारा, हे दोघे आमच्या लेखी खेळाडूच नव्हेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मात्र उत्तेजन देण्याचे ठरवले. मांडवीच्या पात्रात दिवे लावून उभ्या असलेल्या जहाजांचा विषय वेगळा. तो शाळेच्या अंकात नको.

पण जत्रेत आणखी एक जण असतो, ज्याला म्हणीत जागा मिळालेली नाही: हरवलेला. ध्वनिक्षेपकावरून ज्याच्या सदऱ्याचा रंग पुन्हा पुन्हा सांगितला जातो, तो. आमच्या वर्गात एक मुलगा पहिल्या तासाला बसल्या बसल्या झोपत असे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो खेळतो, हे त्याच्या मित्रांनीच अभिमानाने सांगितले. त्यांच्या हिशेबी तो सर्वांत मोठा हार्डकोअर. आम्ही त्याला एकांतात विचारले, "काल कशाने हरलास?" तो आमच्याकडे पाहत राहिला. त्याला हरलेले आठवत नव्हते. जिंकलेलेही आठवत नव्हते. नवशाला आपला प्रत्येक पराभव तपशिलासह पाठ असतो आणि हौशाला खेळून निदान बरे तरी वाटते. या मुलाच्या पदरी दोहोंपैकी काहीच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत या अवस्थेची नोंद आहे. तेथेही केवळ तासांवर बोट ठेवलेले नाही. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होत जाणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही लक्षणे साधारणपणे वर्षभर टिकलेली असावी लागतात, आणि त्यापायी घर, शाळा, नातीगोती यांत मोठा बिघाड झालेला असावा लागतो. हरवलेल्या मुलाला जत्रेत कोणी आधी रागे भरत नाही. आधी त्याचा हात धरतात. आम्ही त्याच्या आईला बोलावून घेतले आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगितले. त्यापुढची हकीकत त्या घरची आहे.

तेव्हापासून पालकसभेत कोणी "सर, हा दिवसरात्र खेळतो" असे म्हणाले की आम्ही तास विचारण्याआधी मुलाला तोच प्रश्न विचारतो. गेल्या पावसाळ्यात बसचालक असलेले एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. मोबाइलवरच्या फुटबॉलच्या खेळाने त्यांच्या मुलाला वेड लावले होते. गृहस्थ बरेच तापलेले होते. आम्ही मुलाला म्हटले, "काल कशाने हरलास ते सांग." मुलगा आधी चाचरला. मग तो सांगू लागला, आणि सांगता सांगता मराठी सोडून कोकणीवर कधी आला हे त्यालाही कळले नाही. ऐंशीव्या मिनिटापर्यंत बरोबरी होती. समोरचा खेळाडू चेंडू सारखा उजव्या कडेने आणत होता, तो मुद्दाम. त्यामुळे याचा मधला बचावपटू तिकडे ओढला गेला आणि मधे वाट मोकळी झाली. हे याच्या ध्यानात आले ते रात्री अंथरुणावर पडल्यावर. आज त्याने त्या बचावपटूला जागा सोडू द्यायची नाही असे ठरवले होते. पण मग कडेला कोणी धावायचे, हे कोडे सुटत नव्हते. आमच्या टेबलावरचे खडू मांडून त्याने अकरा माणसे उभी केली.

बाप तरुणपणी गावच्या मैदानावर फुटबॉल खेळलेला. तो हाताची घडी घालून उभा होता. खडू मांडले जाऊ लागले तसा तो हळूहळू टेबलावर वाकला. मुलगा मध्येच थांबला तेव्हा त्याने विचारले, "मागीर?" कोकणीत याचा अर्थ 'मग पुढे?' एवढाच.

पुढे दोघांचे बोलणे बरेच लांबले आणि दुसऱ्या पालकांना व्हरांड्यात ताटकळावे लागले. मोबाइल रात्री नऊ वाजता कपाटात जाईल, हे मात्र बापाने जाण्यापूर्वी आमच्यासमोर मुलाकडून कबूल करून घेतले.